जागी ठेवलेली गाडी

बिवलकर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. पुढे, मागे, आडवी. मग म्हणाले, "मागचा डावा पाय स्वल्प आखूड आहे." कानडीतला 'स्वल्प' हा एवढाच शब्द त्यांना तेव्हा येत होता आणि तो कुठेही घालायची हौस होती. मी म्हटलं, "इतकी वर्षं बसतोय आम्ही, कुणी पडलं नाही." तर म्हणतात, "पडेपर्यंत कुणीच पडलेलं नसतं, शकुंतलाबाई." आणि बसले. अय्यो देवा, मनात म्हटलं, हे कसलं ध्यान शेजारी राहायला आलंय!

मी चिकपेटातल्या कापडवाल्यांच्या घरातली. आमच्या कित्येक पिढ्या बेंगळुरातच गेल्या, त्यामुळे आमच्या मराठीला कानडीची फोडणी. लग्न होऊन येलहंक्याला आले आणि इथलीच झाले. गल्लीत सगळे मला शकूअक्का म्हणतात. एकटे बिवलकर शेवटपर्यंत 'शकुंतलाबाई' म्हणत राहिले, पुणेरी, पूर्ण, एक अक्षर न गाळता. ते सरकारी विमान कारखान्यात होते. विमानांची इंजिनं उघडायची, तपासायची आणि पुन्हा बांधायची हे त्यांचं काम. निवृत्ती जवळ आली तशी त्यांनी आमच्या कुंपणाला लागून घर बांधलं. बायको निर्मलाताई आणि एकुलता एक मुलगा हेमंत. तो तेव्हा कॉलेजात होता.

त्या माणसाला बंद वस्तू बघवत नसे. "उघडून बघू," हे त्यांचं वाक्य गल्लीतल्या कानडी बायकांनासुद्धा पाठ झालं होतं. कुकरची शिट्टी वाजत नाही, उघडून बघू. देवळातला लाऊडस्पीकर खरखरतो, उघडून बघू. एकदा माझा मिक्सर बंद पडला. मी तो दुकानात द्यायला निघाले, तर फाटकातच अडवला. खाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती की कंपनीच्या माणसाशिवाय कुणी उघडू नये. बिवलकरांनी चष्मा वर सरकवून ती वाचली आणि अंगठ्याच्या नखानं सोलून काढली. "मालक कोण? तुम्ही की ही चिठ्ठी?" मी म्हटलं, "मालक मी, पण चटणी वाटायचीय ती आज." चटणी झाली हो त्या दिवशी, उगाच नावं कशाला ठेवू? फक्त नंतर तो मिक्सर सुरू केला की ओट्यावर स्वल्प चालायचा.

त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आमच्या ह्यांच्या स्कूटरला त्यांनी असा कान लावला आणि मलाही ऐकायला लावलं. खरंच, आत काहीतरी बारीक बोलल्यासारखं ऐकू येत होतं. "बिघाड आधी सांगतो," ते म्हणाले. "कधीही न सांगता येत नाही. आपण ऐकत नाही म्हणून अचानक वाटतं." हे ते इतक्या खात्रीनं म्हणत की वाद घालावासा वाटायचा आणि घालता यायचा नाही. रविवारी त्यांच्या अंगणात जुन्या गाडीचे भाग वर्तमानपत्रांवर मांडलेले असायचे. निर्मलाताई त्यातून वाट काढत तुळशीला पाणी घालायच्या आणि मला कुंपणावरून म्हणायच्या, "शकूताई, बघा, आज पुन्हा पोट फाडून ठेवलंय."

मग हेमंतला कम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली आणि नव्वदचं दशक संपता संपता त्यानं नवी गाडी घेतली. इंजिनात कम्प्युटर असलेली. आमच्या भागात तेव्हा अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. पेढे खाऊन झाल्यावर बिवलकरांनी बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले. वरून सगळं काळ्या प्लास्टिकनं झाकलेलं. "इंजिन कुठाय?" म्हणाले. हेमंत हसला. तो हसला की डोळे पूर्ण मिटायचे त्याचे. "आतच आहे हो बाबा. कुठे जाईल?"

बिवलकरांनी गाडी सुरू करायला लावली, स्क्रूड्रायव्हर आणला, कान लावला. बराच वेळ डोळे मिटून उभे होते. मला वाटलं आता मान डोलावतील. पण त्यांनी मूठ कानापासून काढली आणि तळहातानं कान पुसला. "काही ऐकू येत नाही," ते मला हळूच म्हणाले. "म्हणजे आवाज येतो. पण सगळं नीट चाललंय एवढाच. कुठलंच इंजिन इतकं नीट नसतं, शकुंतलाबाई. हे आतलं काही सांगत नाही." मी म्हटलं, "नवी आहे, लाजत असेल." ते हसले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले आणि गाडी कशी दुरुस्त करायची त्याचं पुस्तक मागितलं. काउंटरवर मंजुनाथ नावाचे सुपरवायझर होते, चाळिशी उलटलेले, हळू आवाजात बोलणारे. ते म्हणाले, "सार, ते पुस्तक ओनरला देत नाही. कंपनीचा रूल आहे." बिवलकर लालबुंद होऊन घरी आले. "विमानाच्या इंजिनाचं पुस्तक माझ्या टेबलावर उघडं पडलेलं असायचं! आणि माझ्याच घरच्या गाडीचं मला दाखवत नाहीत? आत एक डबा बसवलाय म्हणे, तो सगळं लक्षात ठेवतो. काय लक्षात ठेवतो ते फक्त त्यांच्या मशीनला कळतं. विकत आपण घ्यायची आणि गाडीनं चुगल्या करायच्या त्यांच्याकडे!" हेमंत म्हणाला, "बाबा, लीव्ह इट ना. त्यांचं काम ते करतील." हेमंत असाच होता. भांडण होईल असं दिसलं की हसून बाजूला व्हायचा. त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या आईलाही कळायचं नाही. मलाही वाटायचं, शांत मुलगा, किती छान. आपल्याला शांत माणसं छानच वाटतात.

पावसाळ्यात गाडी उभी असताना थरथरायला लागली. सर्व्हिस सेंटरनं मशीन लावून पाहिलं आणि 'नॉर्मल' म्हणून परत दिली. बिवलकरांना ते मुळीच पटलं नाही. एका रविवारी हेमंत झोपलेला असताना त्यांनी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं. आतल्या डब्याच्या स्क्रूवर लाल रंगाचं सील होतं, ते तोडलं. सगळी जोडणी सोडवून स्वच्छ पुसली, पुन्हा बसवली. थरथर थांबली. स्वारी एवढी खूष झाली की देवनहळ्ळीच्या बाजूचा मोठा चकोता, म्हणजे पपनस, आणून माझ्या हातात ठेवला. "कंपनीला जे जमलं नाही ते घरी जमलं," म्हणाले. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यानंतर तो तसा मी पाहिला नाही.

पंधरवडाही झाला नसेल. हेमंत सकाळी ऑफिसला म्हणून निघाला. त्याचं ऑफिस शहराच्या पार दक्षिणेला, होसूर रोडकडे. संध्याकाळी, चांगला उजेड असताना, त्याची गाडी सापडली देवनहळ्ळीच्या पुढे, उत्तरेला. रस्त्याच्या मधोमध, सरळ उभी. चढ चढून वर आलेल्या लॉरीला ती दिसेपर्यंत उशीर झाला होता. मागून लॉरी आदळली आणि हेमंत जागीच गेला.

लॉरीवाला पळाला नाही. तोच पोलिसांना घेऊन आला आणि रडत सांगत होता. मी बिवलकरांसोबत तिथे गेले होते, कारण त्यांना तेव्हा धड कानडी समजत नव्हती आणि मला शब्दन्‌शब्द मराठीत सांगावा लागत होता. "गाडी बाजूला घेतलेली नव्हती. दिवे लावले नव्हते. बॉनेट उघडलेलं नव्हतं. काचा वर होत्या. मुलगा आत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. मी हॉर्न दिला. तो हलला नाही." शेवटचं वाक्य मला सांगवेना. बिवलकर म्हणाले, "सांगा." मी सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "गाडी बंद का पडली?"

तेव्हापासून हा एकच प्रश्न होता. कुणी भेटायला आलं की ते ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "पण ती बंद का पडली?" लोकांना वाटायचं डोक्यावर परिणाम झालाय. मला कळत होतं ते काय विचारतायत. सील त्यांनी तोडलं होतं. जोडणी त्यांनी सोडवली होती. रस्त्याच्या मधोमध इंजिन मेलं असेल तर ते कुणाच्या हातानं मेलं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याला तुटलेलं सील दिसलं आणि त्याचं काम संपलं. म्हणाला, सील तुटलंय तेव्हा कंपनी जबाबदार नाही, आणि डब्यातली माहिती कंपनीची, ती देता येणार नाही. बिवलकर म्हणाले, "मुलगा माझा होता." तो कागद आवरून निघून गेला.

विमावाले मोडकी गाडी न्यायला आले तेव्हा बिवलकरांनी साफ नकार दिला. ती ओढून अंगणात आणली आणि ताडपत्रीखाली ठेवली. मागचा भाग चेपून पुढच्या सीटपर्यंत आलेला, पण पुढून पाहिलं तर गाडी जशीच्या तशी, जणू आत्ता निघेल. तिची बॅटरी त्यांनी चार्जरला जोडली. कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की डब्याची आठवण बॅटरीवर जगते. एकदा तार निघाली की सगळं पुसलं जातं. मग काय, रात्रंदिवस चार्जर सुरू. त्याची बारीक घूं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. वीज गेली की ती थांबायची आणि बिवलकर जेवणावरून उठून, दाढीचा साबण तोंडाला तसाच, दुसरी बॅटरी घेऊन अंगणात धावायचे. मुलाच्या मागे त्यांनी गाडी जागी ठेवली होती. मला ते दृश्य बघवत नसे. पण वीज आली आणि घूं सुरू झाली की मीसुद्धा सुटकेचा श्वास टाकायची. खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, गल्लीतल्या सगळ्या गाड्या धुऊन सजवतात. केळीचे खुंट बांधतात, कुंकू भरलेला कोहळा फोडतात, चाकांखाली लिंबं ठेवून त्यावरून गाडी पुढे नेतात. त्या वर्षी मी सकाळपासून निर्मलाताईंच्या सोबतीला होते. त्यांनी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. विळी, कात्री, पाने, तो लांब स्क्रूड्रायव्हर. त्या दिवशी हत्यारांना हात लावायचा नाही, त्यांना विश्रांती, अशी त्यांच्या माहेरची कडक रीत. चार्जरही पाटावर ठेवायचा असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. बिवलकर म्हणाले, "त्याला विश्रांती नाही." मग त्यांनी ताडपत्री वर केली, मोडक्या गाडीच्या बॉनेटला हार घातला आणि पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. गल्लीत इतर गाड्यांखालची लिंबं चिरडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शेजारच्या अंगणातली लिंबं तशीच राहिली, सुकेपर्यंत. निर्मलाताई गाडीजवळ आल्या नाहीत. ती आल्यापासून त्या एकदाही तिच्याजवळ गेल्या नव्हत्या. तुळशीला पाणी घालायच्या ते गाडीकडे पाठ करून.

दिवाळीनंतर बिवलकरांना कुणीतरी नवी युक्ती शिकवली. डॅशबोर्डखाली एक सॉकेट असतं. त्याच्या दोन भोकांत तार अडकवून किल्ली फिरवली की इंजिनाचा नारिंगी दिवा लुकलुकतो, आणि डब्याला काय झालंय ते दिवा आकड्यांत सांगतो. त्यांनी मला बोलावलं. मी बाजूच्या सीटवर बसले, मागे न बघता. त्यांनी किल्ली फिरवली. दिवा एकदा लागला. थांबला. मग दोनदा लागला. बराच थांबला. पुन्हा एकदा. मग दोनदा.

"बोलतोय," बिवलकर म्हणाले. आवाज इतका हळू, की आत कुणी झोपलंय असं वाटावं. "हेच सांगतोय सारखा. एक, मग दोन. दुसरं काहीच नाही."

"म्हणजे काय?"

"ते कोण सांगणार? आकड्यांचे अर्थ त्यांच्या पुस्तकात."

हेमंतच्या मित्रांनी परदेशी गाड्यांच्या याद्या कम्प्युटरवरून शोधून आणून दिल्या. दर कंपनीचा अर्थ वेगळा. एकीत एक-दोन म्हणजे हवेचं माप चुकलं, दुसरीत तापमान, तिसरीत आणखी काही. बिवलकर प्रत्येक अर्थ घेऊन दिवस काढायचे आणि प्रत्येकात आपला हात सापडायचा त्यांना. ही तार मीच पुसली होती. हा स्क्रू मीच आवळला होता. पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले. मंजुनाथ म्हणाले, "सार, नोकरी जाईल माझी." पुन्हा गेले. मंजुनाथ काउंटरमागून उठून आत निघून गेले.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला बिवलकर ताडपत्रीखाली शिरून गाडीत बसायचे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताडपत्री नारिंगी व्हायची. एक. मग दोन. मी भाजी परतत असायची आणि एकदा लक्षात आलं, माझा हात त्याच ठेक्यात फिरतोय. अय्यप्पा! मी उलथनं खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी समोरची गौरम्मा पायरीवर बसून शेंगा सोलत होती, तर तीही एक टाकायची, थांबायची, मग दोन टाकायची. तिला विचारलं तर म्हणाली, "एनक्का? काय झालं? मी काही करत नाहीये." आमचे हे जेवताना बोटांनी ताटावर वाजवायचे. निर्मलाताईंनी दार वाजवलं तरी तसंच. एक, मग दोन. त्यांना ते कळत होतं की नाही देव जाणे. सगळ्या गल्लीला काहीतरी सांगितलं जात होतं आणि कुणालाच त्याचा अर्थ येत नव्हता.

संक्रांत होऊन गेली आणि एका रविवारी सकाळी फाटकाशी एक माणूस हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. साधा शर्ट, पायात चपला. मी आधी ओळखलंच नाही. ते मंजुनाथ होते. स्कूटर त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच ठेवली होती. बिवलकर बाहेर आले तसे ते म्हणाले, "सार, मी इथे आलोच नव्हतो असं समजा. तुम्ही परत गेलात की मला घास उतरत नाही." निर्मलाताई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. मी कुंपणाशी होतेच. नसते तर नवल!

बिवलकरांनी ताडपत्री पूर्ण काढली. सॉकेटात तार लावली, किल्ली फिरवली. मंजुनाथ उघड्या दारातून वाकून बघत होते. एक. मग दोन. त्यांनी फार वेळ पाहिलंच नाही.

"ट्वेल्व्ह, सार," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे. म्हणजे काय?"

"एनू इल्ला, सार. काही नाही. ट्वेल्व्ह म्हणजे नो फॉल्ट. सगळं नीट आहे, असा अर्थ."

इतके महिने तो दिवा एवढंच सांगत होता.

बिवलकरांचे खांदे एकदम खाली आले. "म्हणजे मी..." मंजुनाथ म्हणाले, "तुम्ही काही बिघडवलं नाही, सार. इंजिन आपोआप बंद पडलं असतं, तर डब्यानं कारण ठेवलं असतं. जोडणी छान बसवलीय तुम्ही." क्षणभर, देवाशपथ सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मग त्यांची नजर स्टिअरिंगवर गेली आणि ती सुटका तिथेच विरली. बिघाड नव्हता. म्हणजे गाडी बंद पडली नव्हती. ती थांबवली होती. ऑफिसला न जाता उलट्या दिशेला नेली, रस्त्याच्या मधोमध थांबवली, आणि काचा वर करून तो तिच्यात बसून राहिला. हॉर्न ऐकूनही. मी निर्मलाताईंकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

मंजुनाथ भला माणूस. त्यांनाही आपण काय बोलून बसलो ते उमगलं असावं. घाईघाईनं म्हणाले, "पण सार, मध्ये कधी बॅटरीची तार निघाली असेल तर सगळं पुसलं जातं. मग ट्वेल्व्हच येणार, त्याला काही अर्थ नाही. निघाली होती का?"

बिवलकरांनी मान हलवायला सुरुवात केली. नाही म्हणणार होते. कधीच नाही, एका क्षणासाठीही नाही.

"मी काढली होती," निर्मलाताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"खंडेनवमीला. तुम्ही अंघोळीला गेला होतात तेव्हा. हत्यारांना विश्रांती द्यायची असते त्या दिवशी. तार काढली, हळदकुंकू वाहिलं आणि परत लावली. मला काय ठाऊक तेवढ्यानं पुसलं जातं ते."

खोटं होतं. त्या सकाळी रांगोळीपासून आरतीपर्यंत मी त्यांच्या शेजारून हललेसुद्धा नव्हते. त्या गाडीजवळ फिरकल्या नव्हत्या. आणि दुसरंही एक होतं. डॅशबोर्डवर हिरव्या आकड्यांचं छोटं घड्याळ होतं. हेमंतला ऑफिसला रोज उशीर व्हायचा म्हणून त्यानं ते मुद्दाम वीस मिनिटं पुढे लावलं होतं. निर्मलाताई त्यावरून त्याला चिडवायच्या आणि तो म्हणायचा, "स्वतःलाच फसवतो गं आई, बरं असतं." त्या घड्याळालाही बॅटरीच जगवत होती. तार निघाली असती तर ते एकपासून नव्यानं सुरू झालं असतं. बिवलकरांनी त्याकडे पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. गाडी कुंपणाला लागूनच होती, मीही वाकून पाहिलं. गाडीतलं घड्याळ वीस मिनिटं पुढे चालत होतं, हेमंतनं लावलं होतं तसंच.

त्यांना कळलं. ज्या माणसाला खुर्चीचा आखूड पाय कळतो त्याला हे कळणार नाही? त्यांनी पायरीवर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. त्या एकटक त्यांच्याकडेच बघत होत्या, पदर मुठीत आवळून. आपण काय मागतोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. मुलाला सोडवायचं तर नवऱ्याला पुन्हा अडकवावं लागत होतं, दुसरा मार्ग नव्हता.

बिवलकर गाडीतून उतरले. "दहाचा पाना आहे का तुमच्याकडे?" त्यांनी मंजुनाथना विचारलं. खिशातच होता. त्यांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची तार सैल केली आणि उचलून बाजूला केली. दिवा विझला. हिरवं घड्याळ विझलं. चार्जर त्यांनी भिंतीवरून बंद केला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही अंगणांत काहीच ऐकू येईना.

"सांगायचं नाही का आधी?" ते निर्मलाताईंवर खेकसले. अगदी रोजच्या आवाजात, आमटीत मीठ नसल्यावर खेकसावं तसे. "इतके दिवस फुकट जागवली मी हिला."

"चिडाल म्हणून नाही सांगितलं," निर्मलाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. आत गेल्यावर भांड्यांचा आवाज झाला, पाणी पडल्याचा आवाज झाला, आणि मग त्या रडायला लागल्या. हेमंत गेल्यापासून त्यांना रडताना मी ऐकलं नव्हतं. मलाही आवरेना. मंजुनाथ मान खाली घालून पाना हातात तसाच धरून उभे होते.

पुढच्या आठवड्यात गाडी भंगारात गेली आणि वर्षाच्या आत ती दोघं पुण्याला निघून गेली. त्यानंतर भेट नाही. पण बिवलकर आठवले की मला ते त्या सकाळचेच आठवतात. दोन्ही तळहातांनी बॉनेट दाबून बंद केलं, हात धोतराला पुसले आणि कुंपणाशी आले. डोळे कोरडे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्याच हातून काहीतरी राहिलं असणार, शकुंतलाबाई." मोठ्यानं म्हणाले, आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.